बोलावण्याच्या पत्राखालची सही

माझ्या सहीचं पत्र ज्या घरात पडायचं, त्या घरातली माणसं ते आधी उभ्याने वाचायची आणि मग खुर्ची ओढून पुन्हा वाचायची. हे मला एकाहून अधिक जणांनी नंतर सांगितलं आहे. पत्र दीड पानांचं असे. अमुक तारखेला अमुक ठिकाणी हजर व्हावे, सोबत काय आणावे, न आल्यास काय होईल. खाली नाव, एस. दळवी. एक प्रत त्या माणसाला आणि एक प्रत तो जिथे नोकरी करतो तिथल्या मालकाला.

एकोणीस वर्षं मी ही पत्रं काढली आणि गेल्या वसंतात निवृत्त झाले. पुण्यातल्या नातेवाइकांचा अजून समज आहे की शैला इंग्लंडच्या सैन्यात होती. एका भाच्याने तर मी हेलिकॉप्टर चालवते असं त्याच्या सासरी सांगून ठेवलं आहे. मी कधी युनिफॉर्म घातला नाही. मी सिव्हिलियन कारकून होते, कार्डिगन घालून बसायचे, आणि हेलिकॉप्टरमध्ये एकदाच बसले तेव्हा मला उलटी झाली.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल खात्यात होते. यांची नोकरी ब्रॅकनेलला आली म्हणून आलो. मुलं शाळेत रुळली, पासपोर्ट बदलला, आणि मग स्थानिक पेपरात एक जाहिरात दिसली. 'रिझर्व्ह एव्हिएशन' या शब्दांचा अर्थ मला कळला नव्हता. 'रेकॉर्ड्स, पत्रव्यवहार, माणसांशी बोलणे' एवढं कळलं, आणि ते मला येत होतं.

राखीव हवाई कमांड म्हटलं की लोकांना वाटतं, कुठेतरी मोठ्या शेडमध्ये ताडपत्री घालून जादा विमानं ठेवली असतील. तसं काही नसतं. आमच्याकडे स्वतःची हेलिकॉप्टरं जवळजवळ नव्हतीच, ती नियमित सैन्याची. आमच्याकडे माणसं होती, आणि तीही आठवड्यातले बहुतेक दिवस दुसऱ्याची. काही जण पूर्वी सैन्यात पायलट किंवा मेकॅनिक होते, आता प्रवासी विमानं उडवतात किंवा गॅरेजात काम करतात. काही जण थेट नागरी आयुष्यातून आलेले, म्हणजे बसचालक, नर्स, शाळेतला भूगोलाचा मास्तर. दर मंगळवारी संध्याकाळी आपापल्या गावातल्या तुकडीच्या हॉलमध्ये जमायचं, महिन्यातून एखादा वीकएंड सराव, वर्षातून दोन आठवडे कॅम्प. या तुकड्या पाच-सहा गावांत विखुरलेल्या. त्यांच्या वर आमचं मुख्यालय, एका जुन्या छावणीतली दुमजली इमारत. तिथे एक कमांडर, प्रशिक्षण बघणारे तिघे, आठवड्यातून दोनदा येणारा डॉक्टर, घरच्या अडचणी बघणारी वेल्फेअर ऑफिसर आणि खिडकीजवळच्या टेबलावर मी.

काम एकच. नियमित सैन्याला माणसं कमी पडली की आमच्यातली द्यायची. कुणी हेलिकॉप्टर दुरुस्त करायला, कुणी नकाशाच्या खोलीत बसायला, कुणी पुराच्या वेळी वाळूच्या पिशव्या उचलायला. मागणी वरून यायची, नावं कमांडर ठरवायचा आणि पत्र मी काढायची.

पत्र गेलं की माझा फोन वाजायला लागायचा. मालकाला आठवड्याच्या आत हरकत घेता येते, त्या माणसालाही मुदत मागता येते. मेडनहेडच्या एका बेकरीवाल्याने मला हाताने लिहिलेलं चार पानी पत्र पाठवलं होतं, की तुम्ही ज्याला नेताय तो गेला तर माझ्याकडे पाव करणारं कुणी उरत नाही, मी स्वतः फक्त केक करतो. त्याची हरकत मान्य झाली. एका माजी पायलटचं उलटं. साठीच्या जवळचा, नजर अधू झालेली, डॉक्टरांनी त्याला काढून टाकलं, तरी तो दर महिन्याला मला विचारायचा, मिसेस दळवी, माझं नाव यादीत चुकून राहिलंय का. राहिलेलं नसायचं. तरी मी प्रत्येक वेळी यादी उघडून पाहायची, कारण तो टेबलासमोर उभा असे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. नावं बदलली आहेत.

अक्षय साठे हाउन्सलोमध्ये जन्मलेला, तेव्हा एकतीस वर्षांचा, अविवाहित. नोकरी विमानतळावर, विमानांत इंधन भरायची. आमच्याकडेही तेच काम, फक्त चिखलात. हेलिकॉप्टर मोकळ्या रानात उतरतं, पंखा फिरतच असतो, आणि दोघं जण नळी ओढत जाऊन त्याला तेल पाजतात. एकाच्या हातात नळीचं तोंड आणि दुसऱ्याचा हात पंपाच्या मुठीवर. काही बिनसलं तर दुसऱ्याने मूठ सोडायची, की तेल बंद. दोघांनी एकमेकांकडे बघत राहायचं असतं, कारण आवाजात शब्द ऐकू येत नाही. अक्षय नळीवर असायचा आणि डीन नावाचा त्याचा जोडीदार पंपावर. डीन एरवी पोस्टमन. दोघं सहा वर्षं एकत्र सराव करत होते आणि एकदाही खऱ्या कामावर गेले नव्हते. ऑफिसात अक्षय मला 'मिसेस दळवी' म्हणायचा आणि जवळपास कुणी नसलं की 'मावशी'.

मागणी आली ती युरोपच्या पूर्वेकडच्या एका देशात नऊ महिन्यांसाठी. यादीत दोघांचीही नावं होती. पत्रं गेली. विमानतळावरच्या कंपनीने हरकत घेतली नाही. अक्षयने सोबतचा फॉर्म भरून पाठवला. त्यात एक प्रश्न असतो, घरी कुणी तुमच्यावर देखभालीसाठी अवलंबून आहे का? त्याने लिहिलं होतं, नाही.

दहा-बारा दिवसांनी छावणीच्या फाटकावरून फोन आला, तुम्हाला भेटायला एक बाई आल्यात, अपॉइंटमेंट नाही, पण त्या जाणार नाहीत असं म्हणतायत. मी खाली गेले. साठीच्या आसपासची बारीक अंगाची बाई, साडीवर जाड कोट, हातात माझं पत्र. दोन बस आणि एक ट्रेन करून आली होती. मला बघून तिने पत्रावरचं नाव पुन्हा वाचलं.

"दळवी म्हणजे तुम्ही मराठीच ना?" ती म्हणाली. "मी मंदा साठे, अक्षयची आई."

फाटकाजवळ भेटायला आलेल्यांसाठी एक खोली असते, तिथे बसलो. मंदाताईंनी पाणी फक्त दोन घोट घेतलं आणि कप बाजूला सारला. म्हणाल्या, जास्त चालत नाही, किडन्या गेल्यात. आठवड्यातून चार वेळा घरीच मशीनवर रक्त शुद्ध करतात, आणि मशीन लावतो अक्षय. हॉस्पिटलने त्याला तीन महिने शिकवलं होतं. सुया तोच टोचतो. नवऱ्याला, विनायकरावांना, रक्त बघितलं की घेरी येते. तीस वर्षं विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये काम केलेला माणूस, पण सुईपुढे उभा राहू शकत नाही.

मी मनात फॉर्मवरचं 'नाही' आठवत होते. मला वाटलं, या आता मुलाला सोडवून न्यायला आल्यात, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मुदत मिळण्यासारखी ही केस होती. मी त्यांना नियम सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं.

"ते मला नकोय. मला एकच विचारायचं होतं. तो तिथे जे काम करतो, त्यात तो चांगला आहे का?"

या खुर्चीत मला कुणी हे विचारलं नव्हतं. मुलांविषयी, नवऱ्यांविषयी, तारखांविषयी विचारायचे. मी गोपनीय कागद दाखवू शकत नव्हते. पण गेल्या कॅम्पला मी स्वतः रानात उभी राहून त्या दोघांना बघितलं होतं, ते सांगायला हरकत नव्हती. पाऊस, वारा, खाली येणारं हेलिकॉप्टर, आणि हा मुलगा जराही न पळता, नेहमीच्या चालीने नळी घेऊन पंख्याखाली गेला होता. प्रशिक्षण बघणारा सार्जंट माझ्या शेजारी उभा होता, तो म्हणाला होता की नवीन पोरांना मी याची चाल बघायला लावतो.

मंदाताई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, घरी तो सांगतच नाही. मंगळवारी जिमला जातो म्हणतो, आणि वर्षातून दोन आठवडे मित्रांबरोबर फिरायला; तेवढे दिवस मी हॉस्पिटलात जाऊन मशीनवर बसते. आम्ही वाईट मानू असं त्याला वाटतं. पत्र त्याने लपवलं होतं, ते त्यांना लॉंड्रीच्या पिशवीत सापडलं. त्यांनी ठरवून टाकलं होतं. नऊ महिने हॉस्पिटलच्या युनिटमध्ये जाऊन मशीनवर बसायचं, ने-आण करायला हॉस्पिटलची गाडी येते. माझ्यामुळे तो राहिला तर मला सुई टोचताना दर वेळी त्याला ते आठवेल, असं त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या दिवशी अक्षयला बोलावून घेतलं आणि दार लावून तो फॉर्म समोर ठेवला. तो लाल झाला.

"आईनं तुम्हाला सगळा सांगितला?" मग म्हणाला, "मावशी, सहा वर्षं मी फक्त प्रॅक्टिस केला. पण मला वाटायचा, इफ आय टिक दॅट बॉक्स, दे विल नेव्हर टेक मी."

मी म्हटलं, खोटं लिहून गेलास तर मी पाठवणार नाही, खरं लिहून गेलास तर बघू. त्याने तो रकाना दुरुस्त केला. वेल्फेअर ऑफिसरने साठ्यांच्या घरी जाऊन व्यवस्था पाहिली, मंदाताईंनी तिला युनिटचं वेळापत्रक दाखवलं, आणि कमांडरने मान्यता दिली. सगळं नियमानुसार झालं. एकच गोष्ट नियमात नव्हती, ती माझी.

प्रत्येक कुटुंबाला आम्ही एक कार्ड द्यायचो. घरी जिवावरचं आजारपण आलं तर त्यावरच्या नंबरला फोन करायचा. ते लोक डॉक्टरांशी बोलतात, आणि गरज पटली तर माणसाला मिळेल त्या विमानाने घरी आणतात. कार्ड द्यायला मी स्वतः हाउन्सलोला गेले, कारण ब्रॅकनेलहून फार लांब नाही, आणि कारण मला जायचं होतं. मंदाताईंनी कार्ड वाचलं आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"मी सांगेन तेव्हाच हा फोन करायचा. माझ्या तब्येतीत रोज काहीतरी असतं. त्याला मधूनच ओढून आणायचं नाही. यांनाही मी तसंच बजावलंय. तुम्ही शब्द द्या."

मी दिला. देताना मला माहीत होतं की असा शब्द द्यायचा मला अधिकार नाही. एकोणीस वर्षांत मी कुणाला तारखेत सूट दिली नाही आणि कुणाचा अर्ज पुढेमागे केला नाही, पण तिथे सोफ्यावर बसून, मुलाच्या शाळेच्या फोटोखाली, हो म्हणून गेले.

पहिले सहा महिने ठीक गेले. मंदाताई मला दर रविवारी फोन करायच्या. युनिटमधल्या शेजारच्या खुर्चीवर एक आयरिश आजोबा बसायचे, त्यांना त्यांनी पत्त्यांचा डाव शिकवला होता. विनायकराव स्वयंपाक शिकत होते आणि वरणात मीठ विसरत होते. अक्षय व्हिडिओ कॉलवर दिसायचा, उन्हाने रापलेला, मागे नुसतं सपाट गवत. जास्त बोलायचा नाही. पण एकदा त्याने आपणहून सांगितलं की त्या दिवशी त्याने आणि डीनने ओळीने अकरा हेलिकॉप्टरं भरली, आणि मंदाताईंनी तो आकडा मला दोनदा सांगितला.

सातव्या महिन्यात एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी मी केला. विनायकराव म्हणाले, छातीत इन्फेक्शन झालंय, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, ठीक आहे. त्यांच्या 'ठीक आहे'वर माझा विश्वास बसला नाही. दुपारी सुट्टी घेऊन गेले. मंदाताई अतिदक्षता विभागात होत्या, तोंडावर मास्क, शुद्ध नव्हती. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये विनायकराव कोट मांडीवर घेऊन बसले होते. डॉक्टरीणबाई तरुण आणि थकलेली होती. तिने आम्हा दोघांना सांगितलं की पुढचे दोन दिवस कसे जातील ते सांगता येत नाही, आणि कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा.

मी विनायकरावांकडे बघितलं. त्यांच्या खिशात ते कार्ड होतं, त्यांनी ते काढलंही.

"ती म्हणाली होती, ती सांगेल तेव्हाच," ते म्हणाले. "आता ती सांगणार कशी?"

ते ना हो म्हणत होते, ना नाही. कार्ड गुडघ्यावर ठेवून बसले. माझ्या डोक्यात दोन्ही बाजू चालू होत्या. त्या बाईने एकच गोष्ट मागितली होती. आणि तिकडे रानात दोघांची जोडी होती, त्यातला एक निघाला की दुसरा अडतो. पण मला आमच्या ऑफिसातलं एक जुनं प्रकरणही आठवत होतं. एका मेकॅनिकचे वडील गेले तेव्हा घरच्यांनी त्याला त्रास नको म्हणून चार दिवस कळवलं नव्हतं. तो परत आल्यावर माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला होता, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंत. मी त्यात नव्हते, तरी मला ते लागलं होतं.

मी विनायकरावांच्या गुडघ्यावरून कार्ड उचललं आणि फोन केला. पलीकडच्या माणसाने मला शांतपणे सगळे प्रश्न विचारले. हेच प्रश्न मी वर्षानुवर्षं कुटुंबांना समजावून सांगत आले होते, उत्तरं मात्र पहिल्यांदाच देत होते. तो डॉक्टरांशी बोलला. तासाभरात त्याचा उलटा फोन आला, निरोप गेला आहे.

अक्षय दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. कपडे बदलायला वेळ मिळाला नव्हता, बूट चिखलाचे होते, नर्सने ते बाहेर काढायला लावले. तो आईचा हात धरून बसला. मी आणि विनायकराव बाहेर थांबलो. बऱ्याच वेळाने तो पाणी प्यायला बाहेर आला आणि मला म्हणाला, "मावशी, यू प्रॉमिस्ड हर. बाबांनी मला सांगितला." मी म्हटलं, हो. डीनचं काय, असं मी विचारलं. त्याच्या जोडीला दुसऱ्या तुकडीतला एक जण दिला होता. अक्षय म्हणाला, तो माणूस खूप पळतो. आणि परत आत गेला.

अशा वेळी परत जायचा निर्णय काही दिवसांत घ्यावा लागतो. आई सावरली तर माणूस परत कामावर, नाहीतर त्याची पाळी तिथेच संपली. तो आल्याच्या तिसऱ्या दिवसापर्यंत मंदाताईंनी डोळे उघडले नव्हते. कमांडरने मला विचारलं, मी डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला, आणि अक्षयची पाळी संपल्याचं पत्र निघालं. तेही माझ्याच सहीचं. चौथ्या दिवशी सकाळी मंदाताई शुद्धीवर आल्या.

त्या बऱ्या झाल्या. तीन आठवड्यांनी घरी गेल्या आणि अक्षय पुन्हा मशीन लावू लागला. पण मला रविवारचा फोन आला नाही. मी केले तर विनायकराव उचलायचे आणि सांगायचे, ती झोपली आहे. तिकडची तुकडी दोन महिन्यांनी परतली. स्वागताच्या संचलनात डीन चालत होता आणि अक्षय बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी खिडकीतून बघितलं. खाली जायचं धैर्य झालं नाही.

जवळजवळ पाच महिन्यांनी मंदाताईंचा फोन आला, घरी या. गेले. विनायकराव दुकानात आणि अक्षय कामावर. आम्ही दोघीच होतो. त्यांनी चहा केला, स्वतःला अर्धा कप घेतला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"तुम्ही शब्द मोडलात. मला फार राग आला होता. दोन महिने राहिले होते त्याचे."

मी म्हटलं, मला माहीत आहे. माफी मागितली, पण पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करेन, असंही सांगितलं, कारण ते खरं होतं.

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"शैलाताई, मला शुद्ध चौथ्या दिवशी आली असं सगळे म्हणतात ना? तसं नाही. दुसऱ्या दिवशीच मला कळत होतं. त्याच्या हाताला विमानाच्या तेलाचा वास येत होता. इतकी वर्षं तो वास घेऊन घरी येतो, मला कळणार नाही? म्हटलं, आला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. नर्स त्याला सांगत होती, आई जागी झाली, बरी वाटली, की तू परत जाशील. मी ऐकलं ते." त्यांनी कप खाली ठेवला. "मी डोळे उघडले नाहीत."